खाली ओल आहे म्हणून गव्हाचं पहिलं पाणी लांबवताय? आधी हे मूळ बघा

राम राम मंडळी. मी आत्ता आमच्या गव्हाच्या वावरात उभा आहे. पेरून आज 20 दिवस झालेत. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आलाय, "दादा, खाली ओल आहे, पाणी अजून आठ-दहा दिवसांनी दिलं तर चालेल का?" परभणीच्या एका ताईंनी तर वावराचा फोटो टाकून विचारलंय. म्हणून आज बाकीचं पटापट, आणि या एका पाण्यावर जरा थांबून बोलू.

पटापट म्हणजे असं: बागायती गहू वेळेवर म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, उशिरा म्हणजे 15 डिसेंबरपर्यंत. एकरी 40 ते 50 किलो बियाणं, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. वाण आमच्याकडे निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे चालतात, त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान, आणि पाण्याची ओढ असेल तर नेत्रावती. अर्धं नत्र (युरियासारखं नायट्रोजनचं खत) पेरताना, अर्धं पहिल्या पाण्याला. एवढं तुम्हाला माहीतच आहे.

आता इकडे बघा. (कॅमेरा हाताजवळ) हे रोप मी खुरप्यानं मातीसकट काढलंय. ओढून काढू नका, ओढलं की जे बघायचंय तेच तुटतं. खाली हे बियाण्याचं रिकामं टरफल दिसतंय ना, त्याला ही पाच-सहा बारीक मुळं आहेत. ही बियाण्याची मुळं, आतापर्यंत रोप यांच्यावर जगलं. आता वर या. जमिनीच्या खाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर ही छोटी गाठ. त्या गाठीतून पांढरे, जाडसर कोंब डोकावतायत. ही मुकुटमुळं. इथून पुढचं सगळं पीक यांच्या जोरावर उभं राहणार, आणि फुटवेही, म्हणजे बाजूला फुटणाऱ्या काड्या ज्यांना पुढे ओंब्या लागतात, याच गाठीतून निघणार.

खोटं समाधान इथेच होतं. बी पेरलंय पाच-सहा सेंटिमीटरवर, तिथे ओल आहे, ढेकूळ फोडलं की हाताला गार लागतं. पण मुकुटमूळ तिथे फुटतच नाही. ते फुटतं वरच्या दोन बोटांच्या थरात, आणि तो थर नोव्हेंबरच्या उन्हा-वाऱ्यानं कधीच वाळलाय. कोरड्या मातीत पांढरा कोंब शिरत नाही, तिथेच करपतो. म्हणून ओल बघायची ती खाली नाही, वर. खालची ओल बियाण्याच्या मुळांना, वरची ओल मुकुटमुळांना. हे मी दहा वेळा सांगेन.

दिवस कुठून मोजायचे हेही खूप जण विचारतात. वापशावर, म्हणजे जमिनीत बी उगवण्यापुरती ओल असताना पेरलं असेल तर पेरणीच्या दिवसापासून. कोरड्यात पेरून पाणी दिलं असेल तर त्या पाण्यापासून. 18 ते 21 दिवस धरा, थंडी जास्त असली तर दोन-तीन दिवस पुढे. खात्री नसेल तर चार ठिकाणची रोपं अशीच काढून बघा, कोंब दिसले की पाणी सोडा.

आता एक कमेंट मला खरंच लागली. एक दादा दर व्हिडिओखाली लिहितात, "गव्हाला ताण द्या, मूळ खोल जातं." म्हणजे मुद्दाम पाणी लांबवा. दादा, तुमचा अनुभव दुसऱ्या पिकाचा असेल, पण गव्हाच्या या आठवड्यात ताण म्हणजे फुटवे कापणं आहे. तुमचं वाचून कुणी दहा दिवस थांबला तर त्याचं नुकसान मार्चमध्ये दिसेल, आणि तेव्हा दुरुस्त करायला काही उरणार नाही. म्हणून एवढ्या तळमळीनं सांगतोय.

आमच्याकडे हे घडलंय. एका वर्षी निम्मं वावर विहिरीवर होतं आणि निम्मं पाटाच्या पाण्यावर. वाण एक, पेरणीचा दिवस एक. विहिरीकडे 21 व्या दिवशी पाणी दिलं. पाटाचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लांबलं आणि तिकडे पाणी पोहोचलं 34 व्या दिवशी. वडील म्हणाले होते, "रात्री विहिरीचं तिकडे वळव." मी म्हटलं, खाली ओल आहे. ओंब्या आल्यावर बांधावर उभं राहून मोजलं, विहिरीकडे रोपाला पाच-सहा ओंब्या, पाटाकडे दोन. बांध एकच होता. वडील काही बोलले नाहीत, आणि ते मला जास्त जड गेलं.

पण ओंब्या कमी पडल्या एवढ्यावर भागत नाही, भावालाही फटका बसतो. उशिरा पाणी मिळालं की उशिरा फुटवे येतात, त्यांचे दाणे उशिरा चिकात येतात, म्हणजे दुधाळ होऊन भरू लागतात, आणि तोवर मार्चचं ऊन लागतं. मार्च 2022 आठवा. 1901 पासून देशातला सगळ्यात उष्ण मार्च तो. पंजाब-हरियाणात दाणा भरता भरताच वाळला. तिकडे युक्रेनच्या युद्धानं जगात गहू महागला होता, आपल्याकडे लोक म्हणत होते अजून चढेल, आणि 13 मे 2022 ला सरकारनं निर्यात बंद केली. ज्यांनी घरात पोती ठेवली होती त्यांना तो दिवस चांगला आठवतो. पुढे जून 2023 मध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली. निर्यात, साठा, आयात शुल्क, यातलं काही तुमच्या-माझ्या हातात नाही. 2026-27 च्या विक्री हंगामासाठी हमीभाव 2585 रुपये क्विंटल ठरला, त्याआधीच्या हंगामात 2425 होता. पण आपल्या भागात बहुतेकांचा गहू हमीभाव केंद्रावर जात नाही, तो अडतीवर जातो किंवा घरून गिऱ्हाईक नेतं. तिथे व्यापारी काय करतो? पोत्यात हात घालतो, मूठभर गहू तळहातावर पसरतो, फुंकर मारतो. टपोऱ्या दाण्यात चिमणे, म्हणजे नीट न भरलेले दाणे दिसले की काही न बोलता भाव खाली घेतो. ते चिमणे दाणे कुठले? उशिरा आलेल्या फुटव्यांचे. म्हणजे मार्चमधल्या त्या फुंकरीचं उत्तर आज, विसाव्या दिवशी द्यायचंय.

"पण आमच्याकडे पाणीच कमी आहे," असं जालन्याकडून बरेच जण लिहितात. खरं आहे, तिथे गणित वेगळं. तीन पाणी असतील तर 20 ते 22, 40 ते 42 आणि 60 ते 65 दिवसांनी. दोनच असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65. आणि फक्त एकच असेल तर ते 40 ते 42 दिवसांनी, कांडी धरताना. एकाच पाण्याचा गहू असेल तर माझं आजचं बोलणं तुम्हाला लागू नाही. दोन पाणी असतील तर पहिलं हेच.

आता तुषारचं, म्हणजे फवाऱ्यानं पाणी देण्याचं. या पाण्याला तुषार संच मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण इथे पाणी हलकं हवंय. वरचे थोडेच सेंटिमीटर भिजवायचेत. काळ्या रानात पाटानं भरपूर सोडलं तर पाणी साचतं, रोपं पिवळी पडतात, आणि लोक पिवळेपणा बघून युरिया टाकत सुटतात. तुषारनं तुम्हाला हवं तेवढंच देता येतं. अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना राज्याच्या पूरक हिश्श्यासह 80 टक्के, इतरांना 75 टक्के, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर.

एक अडचण मात्र आहे, ती सौरपंपवाल्यांनी ऐका. सकाळी वारा नसतो, तुषारला तीच वेळ चांगली, पण तेव्हा ऊन कोवळं असतं आणि दाब येत नाही. नोझल फिरत नाही, जवळच्या जवळ पाणी पडतं, लांबचं कोरडं. दुपारी दाब येतो तर वारा सुटलेला. मी काय करतो, एका वेळी नोझल कमी लावतो आणि साडेनऊ-दहाला सुरू करतो. लाईन बदलायला जास्त फेऱ्या होतात, पण भिजतं सारखं. आणि ओंब्या भरल्यावर वाऱ्यात पाणी अजिबात देऊ नका, तुषार असो की पाट, गहू लोळतो.

ज्यांची वीज रात्रीची आहे त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात बिबट्याची भीती आहे, रात्री एकट्यानं बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाऊ नका. दोघं जा, बॅटरी ठेवा, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. एकविसावा दिवस बाविसाव्यावर गेला तर चालतो.

खाली कमेंटमध्ये पेरणीची तारीख लिहा, आणि वापशावर पेरलंय की कोरड्यात पेरून पाणी दिलंय तेही लिहा. ज्यांचा एकविसावा दिवस या आठवड्यात येतोय त्यांना मी आज रात्री आधी उत्तर देतो.