लेव्हल घेताय? आधी फिरवून बघा!

नमस्कार मंडळी! वॉशिंग मशीनच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न चाललाय, "दादा, लेव्हल कुठली घेऊ?" लेव्हल म्हणजे जागा समपातळीत आहे की तिरकी, ते आतल्या बुडबुड्यावरून दाखवणारी पट्टी. घरासाठी ९ इंची बास. ॲल्युमिनियमची, खाली लोहचुंबक असलेली. लोखंडी रॅकला चिकटली की दोन्ही हात मोकळे. बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध आला की सपाट, सरकला तर ज्या बाजूला सरकला ती बाजू उंच. झालं.

आता मुद्द्याचं. दुकानातच काउंटरवर लेव्हल ठेवा, बुडबुडा कुठे थांबला ते बघा. मग त्याच जागी डावं टोक उजवीकडे करून ठेवा. उपडी नाही हं, नुसती फिरवायची. बुडबुडा आधी तुमच्या उजव्या हाताला होता, तर आताही उजव्याच हाताला आणि तेवढाच सरकलेला हवा. नसेल तर ती परत करा, दुसरी मागा. दुकानदार म्हणेल, "साहेब, कंपनीचा माल आहे." म्हणू दे. फिरवा.

यावर एकाची कमेंट, "काउंटरच तिरका असला तर?" अहो, असू दे की! काउंटर दोन्ही वेळा तेवढाच तिरका आहे ना? बदललं काय, तर फक्त लेव्हलची टोकं. मग फरक दिसला तर दोष कुणाचा?

आमच्या शेजारचे काका देवघराच्या फळीवरून सुताराशी भांडत होते. फळी डावीकडे उंच, लेव्हलच सांगतेय म्हणे! मी लेव्हल फिरवली, तर फळी उजवीकडे उंच! सुतार गालातल्या गालात हसला. काका म्हणाले, चहा घेणार का?

घरी जुनी लेव्हल असेल तर भिंतीवर बुडबुडा मधोमध आणून पेन्सिलने रेघ मारा. लेव्हल फिरवा, त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर उत्तम. कात्री झाली तर खरी आडवी रेघ त्या दोघींच्या बरोबर मधून जाते.

"मोबाईलमध्ये ॲप आहे की" म्हणणाऱ्यांनो, पाठीवरचा कॅमेरा वर आलेला असतो, त्याचं काय? आणि चार फुटी फळीवर छोटी लेव्हल नुसती ठेवू नका, खाली सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या.

हो, बाथरूमची फरशी "लेव्हलमध्ये नाही" म्हणून फोटो पाठवणाऱ्या ताई, तिथे उतार हवाच. बुडबुडा जाळीच्या विरुद्ध बाजूला सरकलाय ना? मग मिस्त्रीला फोन करू नका.