चंदेरी विमान आणि खालचा काळा रंग

नमस्कार श्रोतेहो. ग्वाल्हेरात विमान बघायचं तर मान वर केली की झालं. महाराजपूरच्या हवाई तळावरून मिराज हे लढाऊ विमान उडालं की आधी खिडक्यांची तावदानं थरथरतात. पण प्लास्टिकची छोटी विमानं जोडणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना राखाडी मिराजपेक्षा भुरळ पडते ती जुन्या मिग-२१ची. १९६३ साली ती हवाई दलात आली तेव्हा चंदेरी होती, दडवणाऱ्या रंगांचा रणवेष मागाहून चढला.

या चंदेरी रंगाची तक्रार ठरलेली: दिसतो झकास, पण मास्किंग टेप, म्हणजे रंग नको तिथे झाकायला लावलेली चिकटपट्टी, काढली की तिच्याबरोबर निघून येतो. मग लोक वरून वार्निशचा जाड थर देतात. मला हा उपाय पटत नाही. धातुरंगात ॲल्युमिनियमचे अतिबारीक पापुद्रे असतात. ते सपाट पडून उजेड परतवतात, म्हणून चकाकी येते. वार्निशने ती मंदावते आणि धातूचं साधं करडं प्लास्टिक दिसू लागतं. रंग उपटतो तो खालची पकड कच्ची असते म्हणून. कल्हईवाला आधी भांडं घासतो, नवसागर फिरवतो, मगच कथील धरतं, इथेही तसंच.

सुटे भाग साच्यातून निघताना त्यांवर तेलकट अंश राहतो. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात ते धुवा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. जोडांच्या फटींत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने, पुढे त्याहून बारीक कागदाने घासा. साध्या रंगाखाली झाकला जाणारा ओरखडा चंदेरीखाली ठळक उठतो. मग प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला हात, आणि त्यावर चकचकीत काळा. हा काळा काचेसारखा गुळगुळीत हवा आणि पूर्ण वाळलेला हवा. सावकाश वाळणारा एनॅमल असेल तर घाई नकोच. नाक जवळ नेऊन हुंगा. थिनरचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही. अर्धवट ओल्या काळ्यावर मारलेली चांदी टेपला हमखास चिकटून येते.

आता एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं हत्यार. अल्क्लॅड कंपनीच्या रंगांसारख्या लॅकर, म्हणजे झटपट वाळणाऱ्या, धातुरंगांना बारा ते पंधरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. थर इतका पातळ द्या की पहिल्या फेरीत काळा दिसत राहावा, आणि रंग जमला की हात आवरा. आपल्या मे महिन्यात भर दुपारी हे काम नको. थेंब हवेतच वाळतात आणि पंखांवर रेतीसारखा खरबरीत लेप बसतो. पहाटे उरका, किंवा थिनरमध्ये वाळणं लांबवणारा रिटार्डर थोडा घाला. पावसाळ्यात उलटं: दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, तेव्हा उघडीप मिळेपर्यंत थांबा. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही, आणि तोंडावर वाफा शोषणारा फिल्टरचा मास्क. नुसता रुमाल वाफ अडवत नाही.

खऱ्या विमानाचे पत्रे एका छटेचे नसतात, म्हणून एखादा पत्रा वेगळा काढायला टेप लावावीच लागते. ती आधी काचेवर दोन-तीनदा चिकटवून उपटा, म्हणजे तिचा चिकटपणा उतरतो. काढताना वर ओढू नका. मागे दुमडून, पृष्ठभागालगत, सावकाश सोडवा.

एवढा खटाटोप नको असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घ्या. मागे फॉइलचा डिंक लावायचा, एकेक पत्रा कापून बसवायचा, कापसाच्या काडीने दाबत न्यायचा, कडा नव्या पात्याने छाटायच्या. ही खरीखुरी धातू, टेपने उपटण्याची भीती जवळपास नाहीच. नीट पाहिलंत तर फॉइलवर लाटणीच्या बारीक रेघा एकाच दिशेने गेलेल्या दिसतील. शेजारचा तुकडा काटकोनात फिरवून लावलात तर उजेड वेगळा पडतो आणि रंगाचा थेंबही न वापरता दोन छटा मिळतात. नाकाच्या गोलाईवर मात्र ती चुण्या धरते. तिथे एअरब्रशच बरा.

नमस्कार.