शिवणीतली माया

डिचोलीच्या बाजारात एका अरुंद गल्लीत शिंप्याचे एक जुने दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दारापाशी पायाने चालवायचे यंत्र, आणि आत भिंतीला टेकवलेले सागवानी मेज. या मेजावर आज एक करड्या रंगाचा लोकरी कोट पालथा पसरलेला आहे. तो माझ्या आजोबांचा. ज्या कारागिराने त्या कोटाचे माप घेतले, कापड बेतले आणि महिनाभर खपून तो शिवला, ते आता हयात नाहीत. आज त्याची शिवण उसवत आहेत ते त्यांचे चिरंजीव, आणि त्यांचेही वय सत्तरीच्या पुढे गेले आहे.

गोवा मुक्त झाल्यावर 1963 साली दयानंद बांदोडकर यांचे सरकार आले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांपैकी एका शाळेत आजोबा मास्तर म्हणून लागले. धोतर, काळी टोपी आणि वर बंद गळ्याचा सुती कोट हा त्यांचा रोजचा वेश होता. परंतु लग्नकार्याला आणि सरकारी समारंभाला घालण्यासाठी एक उघड्या गळ्याचा, लॅपलचा म्हणजे छातीवर उलटून वळणाऱ्या कडांचा कोट असावा, अशी त्यांची इच्छा होती. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी तो शिवून घेतला. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, तसाच कोटाच्या बटणासाठी पाडतात त्या काजाचा शब्दही तिकडचाच. पोर्तुगीज भाषेत ‘काझा’ म्हणजे घर, आणि बटणाचे घर ते काज. आपण फीत म्हणतो तीही मूळची ‘फिता’. शिंप्याच्या मेजावरचे असे कितीतरी शब्द समुद्र ओलांडून आलेले आहेत आणि आज ते परके वाटत नाहीत.

आता माझ्यासमोर आहे ती कोटाच्या बगलेची शिवण. ब्लेडच्या टोकाने टाके एकेक करून तोडल्यावर आतून कापडाची एक पट्टी बाहेर येते. ती इंचाहून थोडी अधिक रुंद आहे, आणि तिचा रंग बाहेरच्या कापडापेक्षा गडद आहे, कारण इतक्या वर्षांत तिने ऊन पाहिलेलेच नाही. या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. पाठीच्या मधल्या शिवणीत माया आहे, दोन्ही बगलांत आहे, बाह्यांच्या टोकाशी दुमडलेली आहे. आजोबांनी ज्या कापडाचे पैसे मोजले त्यातला हा भाग त्यांना आयुष्यभर दिसला नाही. तरी तो शिंप्याने कापून टाकला नाही, कारण माणसाचा देह बदलतो हे त्याला ठाऊक होते. तयार कपड्यांच्या कारखान्यात हजारो कोट एकाच साच्यावर कापले जातात तेव्हा याच पट्टीत बचत केली जाते, आणि बहुतेक कोटांत शिवण जेमतेम टिकेल एवढेच कापड उरते. असा कोट घट्ट झाला की त्याचे आयुष्य संपले.

बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये काय आहे, हे पाहण्यासाठी छातीकडची बाजू थोडी उघडावी लागली. तेथे एक तिसरा थर सापडतो. तो कॅनव्हास. त्याच्या विणीत घोड्याचे केस आडवे घातलेले असतात, आणि त्या केसांच्या अंगी असलेल्या लवचीकपणामुळे हा थर चुरगळला तरी पुन्हा आपल्या आकारावर येतो. कोटाची छाती भरदार दिसते आणि लॅपल सपाट पडून न राहता गोलाईने वळते, ती या लपलेल्या थराच्या बळावर. लॅपलच्या मागच्या बाजूला शेकडो बारीक तिरके टाके आहेत. कारागीर लॅपल बोटावर वळवून धरतो आणि सुई अशा बेताने घालतो, की ती बाहेरच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा पकडते आणि परत फिरते, त्यामुळे वरून टाका दिसत नाही. आणि बोटावर वळलेल्या स्थितीतच दोन्ही थर एकमेकांना बांधले गेल्यामुळे ते वळण कापडात कायमचे राहते. मी भिंग लावून हे टाके पाहिले. अंतर सर्वत्र अगदी सारखे नाही. जिथे वळण अधिक हवे तिथे ते दाट आहेत, खाली विरळ होत गेले आहेत. ज्यांचे हात ते काम करत होते त्यांची समज त्या दाटी-विरळीत अजून वाचता येते, आणि मला तो कोट सर्वांत सुंदर तिथेच वाटला.

स्वस्त पद्धतीत हा मधला थर शिवत नाहीत. एका बाजूला डिंकासारखा लेप असलेले कापड उष्णतेने आणि दाबाने चिकटवतात. काम काही क्षणांत होते आणि दुकानात कोट छानही दिसतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी असा एक कोट एका मोठ्या दुकानातून चांगली किंमत देऊन घेतला होता. तो दोनदा धुण्याच्या दुकानात गेला, एक पावसाळा त्याने कपाटात काढला, आणि दिवाळीनंतर बाहेर काढला तेव्हा छातीवर फुगे आलेले होते. चिकट थर जागोजागी सुटला होता. तो दुरुस्त करता येईल का, असे मी याच दुकानात विचारले. शिंप्यांनी कापड चिमटीत धरून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. जे शिवलेले असते ते उसवता येते. चिकटवलेले सुटले तर पुन्हा धरायला जागाच राहत नाही.

गोव्यात कोट टिकवणे हे वेगळेच काम आहे. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तेव्हा घरातली भिंतसुद्धा ओली लागते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बाष्परूप ओल शोषून घेऊनही हाताला कोरडी लागते, हा तिचा मोठा गुण. पण मळलेली लोकर कपाटात राहिली तर कसर लागायला वेळ लागत नाही, कारण किड्याच्या अळीला घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली जागा अधिक रुचते. म्हणून आजी पावसाळ्यापूर्वी कोट झटकून, उन्हात थोडा वेळ उलटा टाकून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवत असे, आणि कपाटात विजेचा एक लहान दिवा मंद जळत असे. प्लास्टिकच्या पिशवीला ती हात लावू देत नसे. कोंडलेल्या ओलीने बुरशी येते, हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

इतक्या काळजीनंतरही डाव्या बाहीच्या आतल्या बाजूला कसरीचे एक भोक सापडलेच. त्यासाठी शिंप्यांनी मायेच्या पट्टीतून धागे उपसले आणि त्याच धाग्यांनी रफू केला. त्याच ठाणाचे कापड, तेच पोत, तोच पीळ. बाजारात हिंडून मिळाला नसता असा धागा कोटाच्याच पोटात इतकी वर्षे जपून ठेवलेला होता.

जोड्यांचीही गोष्ट याच जातीची आहे. उत्तम बांधणीच्या बुटात चामड्याची एक अरुंद पट्टी वरच्या भागाला आणि आतल्या तळाला शिवलेली असते, आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या शिवणीने जोडलेला असतो. तळ झिजला की चांभार ती बाहेरची शिवण काढून नवा तळ लावतो, आणि वरच्या चामड्याला सुईही लागत नाही. उलट, पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाचा तळ असलेले बूट न वापरता नुसते ठेवले तरी आपल्या हवेतली ओल त्या पदार्थातली रेणूंची साखळी हळूहळू तोडते, आणि एखाद्या लग्नाच्या सकाळी पायात घातल्यावर तळाचा भुगा पडतो. असे आमच्या घरी एकदा घडले आहे.

कोणी विचारेल, की इतक्या उष्ण प्रदेशात कोट हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे मत असे, की रोज घालण्यासाठी लिननच उत्तम. ते जवसाच्या खोडातल्या तंतूंपासून बनते, घाम लवकर शोषून लवकर वाळते आणि ओले झाल्यावर उलट अधिक बळकट होते. त्याला चुण्या पडतात त्या पडू द्याव्यात. आपल्या हवेला साजेशी वस्त्रे कशी असावीत याचा विचार कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी आयुष्यभर केला. विस्मृतीत चाललेल्या कुणबी साडीला त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि गोव्याच्या पोशाखाचे संग्रहालय हा त्यांनी मनापासून जोपासलेला ध्यास होता. 2020 साली ते गेले. पुरुषांचा कोट शिवणाऱ्या बाजारातल्या हातांकडे मात्र त्या आस्थेने पाहणारे अजून थोडेच आहेत. या दुकानात आज एकही शिकाऊ मुलगा नाही.

कोट माझ्या भाच्यासाठी दुरुस्त होतो आहे. फोंड्याच्या एका देवस्थानात येत्या महिन्यात त्याचे लग्न आहे, आणि पणजोबांचा कोट घालण्याची कल्पना त्याचीच. सुदैवाने खांदे जुळले. खांदा जुळला नाही तर कोट जवळजवळ पुन्हा शिवावा लागतो. कमरेला मात्र दोन इंच कमी पडत होते. दोन्ही बगलांच्या शिवणींत प्रत्येक कडेची अर्धा इंच माया सोडली की घेर तेवढाच वाढतो. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली, वाफ उठली, जुन्या दुमडीची रेघ मऊ झाली. कापडाचा गडद पट्टा अजून थोडा दिसतो आहे, पण हात खाली सोडला की तो बाहीआड जातो.

कच्चे टाके घातलेला कोट घालून भाचा आरशापुढे उभा राहिला. शिंप्यांनी खडूने पाठीवर दोन खुणा केल्या, त्याला हात वर करायला लावला, मग बसायला सांगितले, आणि पुन्हा उभे केले. ‘‘श्वास घे, बाबा. लग्नात जेवायचंही आहे,’’ ते म्हणाले.

दोन्ही बगलांत अजून अर्धा अर्धा इंच कापड उरले होते. कात्री मेजावरच होती. त्यांनी ती बाजूला सारली, सुईत दोरा ओवला, उरलेल्या पट्टीची कड उसवू नये म्हणून तिच्यावर हाताने टाके घातले, पट्टी पूर्वीसारखी आत दुमडली आणि वरून अस्तर लावायला घेतले.