एकोणचाळीस शिलिंग

लंडन, मार्बल आर्च. गाड्यांच्या वर्दळीत जमिनीत बसवलेला हा गोल दगड टायबर्नच्या फाशीच्या जागेची खूण आहे.

इथे तीन खांबांवर तीन तुळया होत्या. एका वेळी 24 जणांना लटकवता येई. न्यूगेटच्या तुरुंगातून कैद्याला उघड्या गाडीतून, भर रस्त्याने इथवर आणत. विल्यम होगार्थचं 1747 सालचं हे खोदचित्र बघा. स्वतःच्याच शवपेटीला टेकून बसलेला कैदी. भालेवाले शिपाई. खचाखच भरलेला माचा. कैद्याचे ‘अखेरचे शब्द’ छापलेला कागद विकणारी बाई, काखेत मूल. खिसेकापूंनाही तेव्हा फाशी होती, 1808 पर्यंत. आणि खिसे कापले जात, ते याच गर्दीत.

आता कोर्टाची ही जुनी दप्तरं. लोकांच्या नजरेआड जे चाललं होतं, ते इथे सापडतं.

घरातून 40 शिलिंगांची चोरी म्हणजे फाशी, असा कायदा. निकालांत मात्र एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: 39. समोर उभ्या असलेल्या चोराला फासावर चढवायला ज्युरीचं मन धजत नसे. मग चोरीच्या मालाची किंमतच उतरवायची. एका खटल्यात चोरलेली वस्तू होती दहा पौंडांची नोट, म्हणजे 200 शिलिंग. ज्युरीने तिची किंमत ठरवली 39! 1827 मध्ये मर्यादा 5 पौंडांवर नेली, तर निकाल 99 शिलिंगांचे येऊ लागले.

1830 मध्ये तर बँकवालेच संसदेकडे अर्ज घेऊन गेले. बनावट कागदपत्रांनी त्यांचंच नुकसान होत होतं, तरी मागणी होती: या गुन्ह्याची फाशी काढा. फाशी आहे म्हणून फिर्याद द्यायला, दोषी ठरवायला कुणी तयार होत नाही, आणि गुन्हेगार सुटतात.

मिलानचा कायदेविषयक विचारवंत चेझारे बेकारिया याने हे 1764 मध्येच लिहून ठेवलं होतं: गुन्ह्याला आवर बसतो तो शिक्षा चुकणार नाही या खात्रीने, तिच्या क्रौर्याने नव्हे. आजच्या अभ्यासांचा कौलही तोच आहे. पकडलं जाण्याची धास्ती माणसाला थांबवते. कैदेची वर्षं वाढवून फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘कायदा कडक करा’ अशी हाक उठते तेव्हा आधी विचारायला हवं, तपासाला माणसं किती आहेत? खटला किती वर्षं रखडतो?

कॅनडाने 1976 मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली. 1975 मध्ये तिथे लाख लोकसंख्येमागे साधारण 3 खून होत; 2003 मध्ये हा दर 2 च्याही खाली होता.