आधी खोलून बघा: हॅनोव्हरच्या 'त्से-टे'ची गोष्ट

(पडद्यावर: साधा काळा पेन ड्राइव्ह. वर छापलंय '६४ जीबी'.)

कुठूनतरी स्वस्तात मिळालेला पेन ड्राइव्ह. वर ६४ जीबी लिहिलंय, आणि कॉम्प्युटरला लावला तर तोही ६४च दाखवतो. आतली चिप मात्र आठ जीबीची. खोटं बोलतोय तो कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरला आतली जागा किती ते सांगणारा ड्राइव्हमधला छोटा मेंदू. आठ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर नवे फोटो एक तर जुन्यांच्या उरावर बसतात, नाहीतर कुठेच जात नाहीत. आणि हे कळतं कधी? लग्नाचा अल्बम उघडायला गेल्यावर.

ही लबाडी पकडणारा एक चिमुकला प्रोग्राम आहे, 'एचटूटेस्टडब्ल्यू'. तो ड्राइव्ह एकेक जीबीच्या फायलींनी काठोकाठ भरतो, मग तेच सगळं परत वाचतो आणि ताळा करून बघतो. जिथे ताळा जमत नाही, तिथून पुढची जागा खोटी. दिसायला एकदम रुक्ष. पण जगभर लोक आजही तो वापरतात, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो की तो 'त्से-टे' या जर्मन कॉम्प्युटर मासिकाच्या संपादक मंडळातल्या हाराल्ड ब्योगेहोल्त्सने लिहिलाय.

(दृश्य: हॅनोव्हर शहर, ट्राम, पावसाळी आभाळ.)

हॅनोव्हर. म्युनिकचा डौल नाही, बर्लिनची नाटकं नाहीत. इथे १९४९ साली हाइन्त्स हाइजे यांनी प्रकाशन संस्था काढली, ती पत्त्यांच्या आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या छापायला. १९७७ मध्ये याच घरातून 'एलराड' हे इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक आलं. त्यात 'कॉम्प्युटिंग टुडे' नावाचा एक विभाग असायचा. १९८३ संपता संपता तो विभाग वेगळा निघाला आणि त्याचं स्वतंत्र मासिक झालं. नाव 'त्से-टे', म्हणजे रोमन लिपीतली सी आणि टी ही दोनच अक्षरं.

कॉम्प्युटरचं हे काही पहिलं जर्मन मासिक नव्हे. व्युर्त्सबुर्गहून 'चिप' १९७८ पासून निघत होतंच. ते नाव आपल्याकडेही ओळखीचं आहे, कारण त्याची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघायची आणि अंकापेक्षा सोबतच्या सीडीवर आधी उड्या पडायच्या. 'त्से-टे'चा वाचक वेगळा. त्याच्या टेबलावर सोल्डरिंगची बंदूक असायची. सुरुवातीच्या अंकांत सर्किटचे आराखडे छापून यायचे आणि वाचक त्यावरून घरी कॉम्प्युटर जोडायचे. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर चालणारा 'त्से-टे ८६' हा त्यातलाच एक. प्रोग्रामही छापील, पान समोर ठेवून अक्षर-अक्षर टाइप करायचा, आणि एक स्वल्पविराम चुकला की रात्र गेली.

अशा वाचकासमोर कंपनीचं माहितीपत्रक जसंच्या तसं छापून भागत नाही. वस्तू ज्याने हाताने जोडलीय, त्याला आकडे लागतात. मासिकाचा पुढचा सगळा स्वभाव इथेच घडला, असं मला वाटतं.

(दृश्य: मोठाल्या जत्रेच्या इमारती, गर्दी.)

१९८६ पासून 'सेबिट' हे कॉम्प्युटरचं स्वतंत्र प्रदर्शन हॅनोव्हरमध्येच भरू लागलं. जगभरच्या कंपन्या दरवर्षी यांच्या दारात यायच्या. १९९७ च्या सेबिटमध्ये मात्र मासिकाने स्वतःच एक दुकान मांडलं, ई-मेल गुप्त ठेवणाऱ्या 'पीजीपी' या प्रोग्रामच्या डिजिटल चाव्या प्रमाणित करण्याचं, म्हणजे अमुक चावी अमुक माणसाचीच आहे याची ग्वाही देण्याचं. वाचकाने ओळखपत्र दाखवायचं आणि मासिकाने त्याच्या चावीवर डिजिटल सही द्यायची. पण मासिकाची स्वतःची चावी खरी कशावरून? तिचा ठसा, म्हणजे अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ, अंकातच छापलेला असे. लाखो छापील प्रतींमध्ये गुपचूप फेरफार कोण करणार?

२००० साली त्यांनी एमपीथ्रीची परीक्षा घेतली. स्वतःला तयार कानाचे म्हणवणारे वाचक बोलावले, जागा एमिल बर्लिनर स्टुडिओ. बर्लिनर म्हणजे ग्रामोफोनचे जनक, मूळ हॅनोव्हरचेच. आणि १९८२ मध्ये विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी निघाल्या त्याही शहराला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यातून. अशा गावात सीडीचा कैवार घेणारे कमी नसणार. पण २५६ किलोबिटचं एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक त्या कानांना खात्रीने ओळखता आला नाही. सगळ्यांत अचूक ठरला तो श्रोता कानाला इजा झालेला होता. एमपीथ्री फाइल लहान करायला कानाला ऐकू न येणारे आवाज गाळून टाकतं, आणि ही गाळणी निरोगी कानाला धरून बेतलेली, त्यामुळे तिची लबाडी त्याच्याच कानाला टोचली.

(दृश्य: बोटाच्या ठशाचा सेन्सर, जवळून.)

आणि मग २००२. पासवर्ड विसरा, आता बोट, डोळा, चेहरा हीच किल्ली, असं कंपन्या सांगत होत्या. 'त्से-टे'ने बाजारातली ११ उपकरणं टेबलावर घेतली. बोटाच्या सेन्सरवर आधीच्या माणसाचा तेलकट ठसा राहिलेला असतो. त्यावर नुसती गरम फुंकर मारली. ओल धरली, ठसा उठला, दार उघडलं. कुठे पाणी भरलेली पातळ पिशवी ठेवली, कुठे ग्रॅफाइटची पूड आणि चिकटपट्टी. डोळा तपासणाऱ्या यंत्राला बुबुळाचा छापील फोटो दाखवला आणि बाहुलीच्या जागी भोक पाडून मागून खरा डोळा लावला. तेही फसलं.

या लेखाच्या तीन लेखकांपैकी एक यान क्रिसलर. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनमध्ये बोटाचा ठसा आला, तेव्हा फोन दुकानात आल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यानेच तो फसवला. काचेवरच्या ठशाचा फोटो, तो जाड शाईने पारदर्शक कागदावर छापलेला, वर लॅटेक्स किंवा लाकूड चिकटवायचा पांढरा गम. वाळल्यावर पापुद्रा काढायचा आणि फोनवर ठेवण्याआधी त्यावर पुन्हा तीच फुंकर.

बाहेर हे नाव फारसं का ऐकू येत नाही? मुख्यतः भाषेमुळे. हाइजेने 'द एच' नावाने इंग्रजी बातम्या देऊन पाहिल्या, २०१३ मध्ये ते आवरलं. शिवाय मजकूर कधीकधी इतका कोरडा, की प्रिंटरच्या चाचणीचं पान मन लावून वाचायला वाचकही जर्मनच हवा. तरी मे २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरच्या सुरक्षेत आणखी आठ भोकं सापडल्याची बातमी त्यांनीच पहिल्यांदा दिली, आणि ती इंग्रजी वृत्तपत्रांना हॅनोव्हरचा हवाला देऊन छापावी लागली.

(दृश्य: भाड्याच्या गाड्यांची रांग, मग सर्व्हरची खोली.)

जानेवारी २०२०. गाड्या भाड्याने देणाऱ्या एका जर्मन कंपनीचा बॅकअप सर्व्हर इंटरनेटवर उघडा पडलेला होता. तीस लाखांहून जास्त ग्राहकांची नावं, पत्ते, कोण कुठून कुठे गेलं याची नोंद. पासवर्ड नव्हताच. 'त्से-टे' आणि 'डी त्साइट' या साप्ताहिकाने मिळून ते उघडकीला आणलं. ज्याला हे भोक सापडलं होतं, त्याने आधी कंपनीला मेल पाठवून पाहिला. उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने पत्रकारांचं दार ठोठावलं.