२५ जीबीचं कुलूप

(दृश्य : तापकीर गल्ली, दुपार. वायरींची भेंडोळी, काउंटरवर उलटंपालटं केलं जाणारं ग्राफिक्स कार्ड.)

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. इथे वायर मीटरवर मिळते, फ्यूज सुटे मिळतात, आणि नशीब चांगलं असेल तर एखादं चांगलं वापरलेलं ग्राफिक्स कार्डही मिळतं. आज एक मिळालंय. दुकानदार पंख्यावरची धूळ फुंकतो, कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळतो. आता ते नारायण पेठेत जाणार आहे. चालत.

(दृश्य : लाकडी जिना, दुसरा मजला. चपलांची रांग.)

या खोलीत मोठं मशीन एकच. ६४ जीबी रॅम, आणि आजपासून दोन ग्राफिक्स कार्डं. दिवसा हिंजवडीत नोकरी करणारी ताई संध्याकाळी इथे मुलांना लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते. फी घेत नाही. मुलं तिला ताईच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

एका मशीनवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, थोडक्यात व्हीएम, चालवायची आहेत. प्रत्येकाला २४ जीबी रॅम आणि एक कार्ड, थेट हातात दिल्यासारखं. याला पासथ्रू म्हणतात. लिनक्समध्ये हे काम व्हीएफआयओ करतं. २०१२ साली, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ३.६ आवृत्तीत ते आलं.

(दृश्य : कार्ड स्लॉटमध्ये बसतं. खट्. जवळून.)

(दृश्य : स्क्रीन. एक मुलगा व्हीएम सुरू करतो. लाल अक्षरं.)

कॅनॉट अलोकेट मेमरी. मेमरी देता येत नाही.

पण शेजारच्या खिडकीत पाहा. रॅम मोकळी आहे, पन्नासहून जास्त जीबी. मुलगा पुन्हा सुरू करतो. पुन्हा तेच. कॅमेरा इथे बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर आहे.

ताई त्याला कर्नलचा लॉग उघडायला लावते. तिथे खरं कारण लिहिलंय: मेमलॉकची मर्यादा ओलांडली. मेमरी संपलेली नाही. मेमरीला कुलूप लावायची परवानगी संपली आहे.

(दृश्य : पहाट. वाड्याच्या कड्यांना अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या.)

हे दृश्य आम्ही दुसऱ्या दिवशी मुद्दाम पहाटे उठून टिपलं, कारण ताईने कुलुपाची गरज याच उदाहरणाने समजावली. दूधवाला बेल वाजवत नाही. पत्ता ठरलेला असतो, पिशवी अडकवतो, निघून जातो. ग्राफिक्स कार्डही प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहितं. त्याला डीएमए म्हणतात. व्हीएमने दिलेला पत्ता खऱ्या रॅममधल्या पत्त्यात बदलून देण्याचं काम आयओएमएमयू करतो. पण त्या पत्त्यावर काल राहणारे आज दुसरीकडे हलले असतील तर? कर्नलने ते पान, म्हणजे रॅमचा तो तुकडा, उचलून स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, ठेवलं असेल तर? कार्ड थांबून वाट पाहत नाही. दूध भलत्याच दारात जाईल.

म्हणून पानं जागच्या जागी खिळवावी लागतात. कार्ड कुठल्या पानावर कधी लिहील हे आधी कळत नाही, त्यामुळे व्हीएमची सगळीच्या सगळी रॅम खिळवायची. सगळे २४ जीबी.

(दृश्य : जुनी वही, ताईच्या हस्ताक्षरातल्या नोंदी.)

आणि परवानगी किती असते? ताईच्या वहीत हे सगळं आहे. हे कुलूप मुळात चिमुकल्या गोष्टींसाठी होतं. पासवर्ड, गुप्त किल्ल्या, ज्या डिस्कवर कधीच उतरू नयेत अशा. त्यासाठी साध्या वापरकर्त्याला ६४ केबी पुरायचे, आणि वर्षानुवर्षं तेवढेच होते. २०२२च्या जानेवारीत कर्नल ५.१६ आलं तेव्हा ते ८ एमबी झाले. म्हणजे आजही, काहीच बदललं नाही तर, ८ एमबीच्या परवानगीवर २४ जीबीला कुलूप लावायला निघालोय आपण.

(दृश्य : फळा. खडूचा आवाज.)

आता फळा. या फिल्ममध्ये फळ्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलोय, आणि ते जाणूनबुजून.

व्हीएमची रॅम, २४ जीबी. त्यात १ जीबी वरचा. हा वरचा १ जीबी कशाचा? कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यांचा, ज्याला एमएमआयओ म्हणतात, आणि इतर किरकोळ गोष्टींचा. तो अचूक मोजलेला नाही. लिबव्हर्ट हे व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर हाच ठोकताळा वापरतं: एकूण रॅम अधिक १ जीबी. पंचवीस. ताई त्याचे केबी करून दाखवते, कारण मर्यादांच्या फाइलमध्ये आकडा केबीतच लिहावा लागतो. २,६२,१४,४००. मुलं एकेक अंक मोठ्याने वाचतात.

लिबव्हर्टमधून व्हीएम चालवलं तर हा आकडा ते आपणहून लावतं. इथे मुलांनी क्यूएमू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर, हातानेच चालवलं होतं, शिकण्यासाठी. म्हणून आकडाही हातानेच लिहायचा, आणि मग लॉगआउट करून पुन्हा आत यायचं. जुन्या सत्राला नवी मर्यादा दिसत नाही.

आता फळ्यावर दुसरं गणित. समजा एकाच व्हीएमला १६ जीबी आणि दोन्ही कार्डं दिली. सोळा अधिक एक, सतरा. बरोबर. दोन्ही कार्डं एकाच पत्त्याच्या नकाशावर चालतात, रॅम एकदाच मोजली जाते. पण त्या व्हीएमच्या आत आभासी आयओएमएमयूही दिला, तर प्रत्येक कार्डाला वेगळा नकाशा मिळतो. कर्नल तीच रॅम दोनदा मोजतो. सोळा दुणे बत्तीस, अधिक एक. तेहेतीस. प्रत्यक्षात रॅम सोळाच जाते, पण परवानगी तेहेतीसची लागते. इथे एका मुलीने हात वर केला आहे. तिचा प्रश्न ऐकू येत नाही, माईक लांब होता. ताई मात्र तेहेतीसच्या आकड्याभोवती गोल करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

  

आता ज्या कारणासाठी ही फिल्म केली ते सांगतो. इंटरनेटवर या अडचणीचं उत्तर एका शब्दात मिळतं. अनलिमिटेड. मर्यादाच काढून टाका. लिहिलं की चालतं, हे खरं आहे. मीही एके काळी एका कार्यालयात तेच लिहिलं होतं. ती मर्यादा होस्टला, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ मशीनला, वाचवण्यासाठी असते. एखादी प्रक्रिया बिघडली, किंवा कुणी बिघडवली, तर तिने सगळ्या मशीनची रॅम खिळवून टाकू नये म्हणून. त्या कार्यालयात एका रात्री तिसरं व्हीएम सुरू झालं, आणि सकाळी सहा जणांचं काम गेलेलं होतं.

(दृश्य : स्क्रीन. रॅमचा आलेख.)

आता पुन्हा त्याच मुलाचा हात एंटरवर.

हा आलेख पाहा. व्हीएमचं बूट अजून सुरूही झालेलं नाही, आणि रॅम चढत चाललीय. आठ. बारा. अठरा. साध्या व्हीएमला रॅम लागेल तशी मिळते, म्हणून तिथे मोजूनमापून उधारी चालते. पासथ्रूत नाही. सगळे २४ जीबी आधी मोजून टेबलावर. बलून, म्हणजे चालू व्हीएमकडून रॅम परत घ्यायची सोय, लावून नंतर परत घेऊ म्हणाल, तर व्हीएफआयओ असताना क्यूएमू बलून बंदच ठेवतं.

चोवीस. आलेख सपाट झाला. आणि दुसऱ्या मॉनिटरवर उजेड आला.

(दृश्य : खोलीतली मुलं. आवाज तसाच ठेवला आहे. निवेदन नाही.)

दुसऱ्या व्हीएमलाही २५. पण मर्यादा प्रत्येक प्रक्रियेची वेगळी असते. दोघांची मिळून बेरीज कर्नल करून देत नाही, ती फळ्यावरच करावी लागते. पंचवीस आणि पंचवीस पन्नास, चौसष्टातून गेले, राहिले चौदा. एक मुलगा म्हणतो, मग तिसरं लावू ना, बारा जीबीचं.

ताई विचारते, "आणि होस्टने काय खायचं रे?"

तो हसत नाही. खडू घेतो, चौदातून होस्टचे सहा काढून ठेवतो. उरले आठ. तिसऱ्या व्हीएमला ८ जीबी. त्याला कार्ड नाही, म्हणून कुलूपही नाही.

(दृश्य : फळा. आकडे. खालून रिक्षाचा आवाज.)