ठेच, कळ आणि ठणका

श्रोतेहो, नमस्कार.

अंधारात चालताना पायाचा अंगठा पलंगाच्या खुराला जोरात आपटतो. पुढचे दोन सेकंद कळवळण्यात जातात, त्यामुळे त्यात काय काय घडलं याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण तिथे पाहण्यासारखं बरंच आहे. आधी फक्त काहीतरी आदळलं एवढंच कळतं. मग झणझणीत कळ येते. ती ओसरते न ओसरते तोच मागून ठणका येतो आणि तो बराच वेळ रेंगाळतो. ठेच एकच, पण तिच्या वर्द्या तीन आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी पोचलेल्या.

पायातून कण्यातल्या मज्जारज्जूकडे जाणाऱ्या शिरेत (रक्ताची नव्हे, संदेश नेणारी शीर) असंख्य तंतू असतात आणि ते सारख्या जाडीचे नसतात. स्पर्शाचे तंतू जाड. त्यांच्यातून संदेश सेकंदाला 35 ते 75 मीटर धावतो. कळ नेणारे तंतू त्यांच्यापेक्षा बारीक आणि संथ. ठणक्याचे तर सगळ्यांत बारीक. त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा. अंगठ्यापासून कण्यापर्यंतचं अंतरही साधारण मीटरभरच. म्हणून ठणका सेकंदभर मागे राहतो.

आपल्या शरीरातल्या बातम्या इतक्या सावकाश फिरतात, हे पटायला जड जातं. एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही जड गेलं होतं. योहान्नेस म्युलर हे त्या काळचे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. हा वेग मोजताच येणार नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांचेच शिष्य हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी 1850 च्या सुमारास बेडकाच्या पायाची शीर घेतली. तिला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून दूर विजेचा झटका दिला आणि स्नायू आखडायला दोन्ही वेळी किती अवधी लागला, यातला फरक मोजला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे 27 मीटर. शिष्यांनी असंच वागावं!

हा संदेश विजेचा असला, तरी तारेतून प्रवाह वाहतो तसा तो वाहत नाही. तंतूच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की त्या जागची सूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि क्षणभर तिथला विद्युतभार उलटा होतो. त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. दात काढण्यापूर्वी हिरडीत इंजेक्शन देतात, ते औषध नेमकी हीच सोडियमची दारं अडवतं. दात उपटला जातो, पण दुखल्याची वर्दी निघतच नाही.

वेग वाढवायला निसर्गाने आणखी एक युक्ती केली आहे. कित्येक तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं आणि त्यात ठरावीक अंतराने उघड्या फटी असतात. संदेश एका फटीतून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो. सर्वांत जाड तंतूंमध्ये तो सेकंदाला 120 मीटरपर्यंत पोचतो. गिया बारे या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती बहुधा या वेष्टणावरच उलटते. पाय लुळे पडतात, कधीकधी श्वासाचे स्नायूसुद्धा. मात्र हे वेष्टण पुन्हा तयार होऊ शकतं आणि बरेच रुग्ण पुन्हा चालू लागतात.

आता कण्यात येऊ. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडे जाणारा नुसता रस्ता, असं समजू नका. गरम भांड्यावरून हात मागे घेण्याचा निर्णय तिथल्या तिथे होतो. मेंदूला ते मागाहून कळतं. आणि ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो ना? तो वेडेपणा नाही. चोळण्याने स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात आणि मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अटकाव करतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली ही कल्पना मांडली. तिच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला.

तिथून वर्दी मेंदूत जाते. मोठ्या माणसाचा मेंदू जेमतेम 1.3 ते 1.4 किलोचा, पण विश्रांतीतही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा खातो. त्यात अंदाजे 8600 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ 80 टक्के मागच्या बाजूच्या लहान मेंदूत दाटीने बसलेल्या असतात. मेंदूचा दहाच टक्के भाग आपण वापरतो, ही लोकप्रिय समजूत मात्र साफ खोटी आहे. गंमत म्हणजे साऱ्या शरीराची वेदना जाणणाऱ्या मेंदूला स्वतःला दुखतच नाही. त्यामुळे काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत मेंदूवर काम करता येतं.

या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात की सुट्या, यावर मोठा वाद झाला. इटलीचे कामिलो गॉल्जी म्हणत, ते सलग जाळं आहे. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणत, प्रत्येक पेशी सुटी. दोघांना 1906 चं नोबेल एकत्र मिळालं आणि गॉल्जी तिथल्या व्याख्यानातही आपलंच म्हणणं मांडत राहिले. बरोबर ठरले काहाल. पेशींमध्ये बहुतेक ठिकाणी खरोखरच फट असते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागात मोजावी इतकी बारीक.

मग ती ओलांडायची कशी? 1921 मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाचं हृदय खारट द्रावात ठेवून, त्याची गती मंदावणारी शीर उत्तेजित केली. मग तो द्राव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. म्हणजे शिरेतून कुठलंतरी रसायन बाहेर पडलं होतं. या प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली, रात्री कागदावर खरडलेलं सकाळी वाचता आलं नाही आणि पुढच्या रात्री ती पुन्हा सुचली, असं लोवी स्वतःच सांगत.

आज मेंदूच्या कित्येक आजारांवरची औषधं याच फटीभोवती काम करतात. कंपवातात डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. पण बाहेरून दिलेलं डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून रुग्णाला लेव्होडोपा देतात. ते आत जातं आणि तिथे पोचल्यावर त्याचं डोपामीन होतं.